सगळ्या दारांना निळं फूल

माझ्या मावशीला गल्लीतली पोरं मूठमावशी म्हणायची, आणि त्यात दोष तिचाच होता. कुणाच्याही घरी गेली की माणसांची विचारपूस नंतर, आधी दाराची मूठ हातात. फिरवून बघायची, अंगठा फिरवायची, आणि पसंत पडली नाही तर तोंड वाकडं करायची. माझ्या भावाच्या सासरी आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा "माणसं चांगली आहेत, पण दारं अगदीच फालतू," असं तिने परतताना जिन्यातच जाहीर केलं. भावाचे सासरे मागेच उभे होते.

तिची नोकरीच तशी. बांधकामाच्या सामानाच्या दुकानात तिने उभं आयुष्य काउंटरमागे काढलं. खिळे, बिजागऱ्या, कड्या, कुलपं. पाडलेल्या घरांचं सामानही तिथे वजनावर यायचं, आणि तो ढीग वितळवायला जायच्या आधी ती त्यात हात घालायची. एखादी मूठ आवडली की मालकाला दाखवून पिशवीत टाकायची. मालक हसायचा. त्याच्या लेखी ते भंगार होतं.

अशी एकेक मूठ घरी आली आणि एकेका दाराला बसली. तिच्या घरात दोन दारं सारखी नव्हती. बाहेरच्या दाराला पितळेचं भलंमोठं पान, देठाकडे धरून ओढायचं. झोपायच्या खोलीला पैलू पाडलेल्या काचेची मूठ. न्हाणीघराला काळी, आडवी, खाचा असलेली दांडी, जुन्या रेडिओची बटणं ज्याची असत त्याच चकचकीत काळ्या पदार्थाची. आणि स्वयंपाकघराला तिची सगळ्यात लाडकी, पांढरी चिनी मातीची गोल मूठ, तिच्यावर किंचित उठावाचं निळं फूल. काका, म्हणजे तिचे यजमान, अगदी गरीब स्वभावाचे. ते एकदा म्हणाले, "हे घर आहे की नमुन्यांचं प्रदर्शन?"

"तुम्हीही नमुनाच आहात," मावशी म्हणाली. "तुम्हाला ठेवलंय ना?"

मी लहान असताना तिने माझा अंगठा त्या चिनी मुठीवर ठेवला होता. "लागलं का फूल?" मी हो म्हणाले. "रंग उडाला तरी हे राहणार. कोण कुठला कारागीर, ओळख ना पाळख, आणि बसलाय आपल्या अंगठ्याचा विचार करत. आताच्या मुठी बघ. नुसत्या दाराला लावायच्या म्हणून केलेल्या." मग तिने मला घरभर फिरवलं. पान म्हणजे वेलबुट्टीचा काळ, लोकांना वेळ होता. काळी दांडी त्याच्या नंतरची, सरळ रेघांची, तेव्हा सगळ्यांनाच कुठेतरी जायची घाई झाली होती. मला त्यातलं फार काही कळलं नाही, पण दार उघडताना अंगठा फिरवायची खोड मात्र लागली ती लागलीच.

काका गेले, आणि त्यानंतर तिला काचबिंदू झाला. आधी कडेचं दिसेना, मग मधलं, मग काहीच. तिचा मुलगा, आमचा दादा, दुसऱ्या शहरात राहतो. तो धावत आला. "आई, आता इथे एकटी नाही राहायचं. माझ्याकडे चल."

"कशाला? तुझ्या घरात मला काय माहीत आहे?" ती म्हणाली. "ज्या दिवशी मला माझं न्हाणीघर सापडणार नाही ना, त्या दिवशी येईन. मुकाट्याने येईन. ठरलं?"

दादा हसला, म्हणाला ठरलं. त्याला वाटलं, महिन्याभरात येईल. पण मावशी राहिली, आणि मजेत राहिली. घराच्या मधोमध एक बोळ आणि सगळ्या खोल्यांची दारं त्या बोळात. ती भिंतीवरून हात सरकवत यायची, जी मूठ हाताला लागेल तिच्यावरून कुठे आलो ते कळायचं. काच लागली, झोपायची खोली. खाचा लागल्या, न्हाणीघर. फूल लागलं की चहा. मी दोन गल्ल्या पलीकडे राहते, शिवणकाम करते. रोज सकाळी डबा घेऊन जायचे, तर ही माझ्या आधी आंघोळ करून, केस विंचरून तयार. "उशीर केलास," म्हणायची. उशीर झालेला नसायचा.

मग तिच्या छातीत कफ झाला. दादाने तिला आपल्याकडे नेलं, इस्पितळ झालं, पुढे विश्रांती झाली, आणि ती नसताना त्याने इथे काम काढलं. दारं वाळवीने खाल्ली होती हे खरंच होतं. मला तो फोनवर नुसता म्हणायचा, "बघच तू. आईला इतका आनंद होणार आहे!" काम चालू असताना मला त्याने आत पाऊल टाकू दिलं नाही.

ती आली त्या दिवशी मी तिथेच होते. घर देखणं झालं होतं, खोटं कशाला बोलू? नवी दारं, गुळगुळीत भिंती, बोळातलं अडचणीचं कपाट गायब. आणि प्रत्येक दाराला पांढरी चिनी मातीची मूठ, निळ्या फुलाची. दादाने स्वयंपाकघराच्या मुठीचा साचा काढून घेतला होता आणि हुबेहूब तशाच मुठी करवून घेतल्या होत्या. बाहेरच्या दारालासुद्धा.

"आई, हात लाव," तो तिला बोळात नेत म्हणाला. "तुझी लाडकी मूठ. आता सगळीकडे तीच."

मावशीने बोळात हात लावला. फूल. पुढे गेली. फूल. समोरच्या बाजूला वळली. फूल. ती थांबली आणि तिने विचारलं, "स्वयंपाकघरं किती केलीस रे?"

दादाला तो विनोद वाटला. तो तिला बाहेरच्या खोलीत घेऊन गेला. तिथे भिंतीवर त्याने जुन्या सगळ्या मुठी एका फळीवर ओळीने बसवल्या होत्या, घासूनपुसून. "एकही टाकली नाही. लोक बघत राहतील!" मावशीने एकेकीवर अंगठा फिरवला. "झोपायची खोली," ती हळूच म्हणाली. "न्हाणीघर. बाहेरचं दार." दादाने डोळे पुसले. त्याला वाटलं, आई खूश आहे.

मला त्याचा इतका राग आला की मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत निघून गेले. त्याने सगळं प्रेमाने केलं होतं, हीच तर पंचाईत. दुष्टपणा केला असता तर निदान कडाकडा भांडता आलं असतं.

तो गेल्यावर मी सुताराला बोलावलं, म्हटलं, जुन्या मुठी काढ आणि परत लाव. त्याने नव्या दारावर टकटक केलं. "ताई, ही आतून पोकळ आहेत. त्या मुठींचं वजन पेलायची नाहीत, फाटतील." मग मी मुठींच्या मुळाशी चिंध्या बांधल्या, न्हाणीघराला जाड सुती, झोपायच्या खोलीला मखमल. मावशीने मनापासून प्रयत्न केला. पण मूठ हातात आली की गोंधळायची. "फूल लागलं की माझं डोकं स्वयंपाकघर म्हणतं गं. चिंधीचं मग ऐकतच नाही." एकदा ती जिन्यात सापडली, पातेलं हातात घेऊन. शेजारणीने आत आणून सोडलं. दादाला सांगू नकोस, असं तिने मला बजावलं, आणि मी सांगितलं नाही. ती बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीत बसून राहू लागली. पाणी कमी प्यायची. का, ते मला विचारावं लागलं नाही.

एका सकाळी मी डबा घेऊन गेले तर ती खुर्चीत नव्हती. भिंतीवरच्या त्या फळीसमोर उभी होती. काळी खाचांची दांडी दोन्ही हातांनी धरून खाली दाबत होती. गाऊन खालपर्यंत ओला झाला होता आणि पायाशी थारोळं साचलं होतं.

"उघडत नाहीये," ती म्हणाली. "आत कुणी आहे का गं?"

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "मावशी, ती फळी आहे."

तिने दांडी सोडली नाही. दुसरा हात तेवढा बाजूला नेला. पान लागलं, काच लागली, मग भिंत लागली. "हो की," ती म्हणाली.

मी तिला आंघोळ घातली, लादी पुसली, केस विंचरून दिले. शेवटी ती म्हणाली, "दादाला फोन लाव."

"रविवारी येणारच आहे तो."

"आजच बोलाव. ठरलं होतं आमचं."

मी हट्ट केला, रडले, माझ्याकडे राहा म्हटलं. माझी एक खोली, त्यात शिवणयंत्र आणि गिऱ्हाइकांची ये-जा. ती माझ्या गालावर हात फिरवत राहिली. दादा संध्याकाळी आला तेव्हा ती बॅग मांडीवर घेऊन बसली होती. त्याने फळी काढून बरोबर घेऊ का विचारलं. नको म्हणाली.

निघताना दादा सामान घेऊन पुढे उतरला. मावशी उंबऱ्यात थांबली. बाहेरचं दार ओढून घ्यायला तिने मागे हात नेला, मूठ सापडली, अंगठा फुलावर गेला.

"स्वयंपाकघराचं दार नीट लाव गं," ती मला म्हणाली आणि कठडा धरून जिना उतरू लागली.