खरवडलेला कर्णा
ट्रेसिंग पेपरवरच्या काळ्या शाईचा वास आला की आमच्या गावची ग्रामपंचायत आठवते. मी खामगावात नकाशे काढायच्या नोकरीला नुकताच लागलो होतो आणि पंचायतीच्या नव्या खोलीत रेडिओ बसणार होता, त्याचा नकाशा सरपंचांनी मलाच सांगितला. टेप लावून खोली मोजली, इंचाला चार फूट धरून रेडिओ, वायरी आणि बाहेरचे दोन कर्णे आखले. एक बाजाराकडे, दुसरा आमच्या बौद्धवाड्याकडे. आईला सांगूनही ठेवलं, आता ओट्यावर बसून गाणी ऐकशील. सरपंच नकाशा पाहून खूश झाले, मग दुसऱ्या कर्ण्यावर त्यांनी बोट ठेवलं. "हा तिकडं काऊन? त्यायले काय कराचा रेडिओ? बाजाराकडं वळव." मी म्हटलं, "शाई वाळली, आता पुसत नाही." "मंग खरवड ना बे." ब्लेड माझ्याच पेटीत होतं. खरवडलं. "हात साफ आहे तुहा," ते म्हणाले. निवृत्त झालो तेव्हा त्याच खोलीत माझा सत्कार झाला. कर्णे नवे होते, तोंडं दोन्ही बाजाराकडेच. गावाचं नाव काढलं म्हणून त्या कर्ण्यांवरून माझं कौतुक चाललं होतं, आणि ओट्यावर कान लावून बसलेल्या म्हाताऱ्या आईला त्यातलं अक्षरही ऐकू गेलं नाही.