फास्ट लेन्स आणि शिरोळचं स्थळ

हसू नका म्हटलं तरी तुम्ही हसणारच, मग आपणच सांगून टाकलेलं बरं. माझंच लग्न जमवायला काढलेल्या फोटोचा मी घातलेला घोळ आहे हा.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. राजारामपुरीत माझा छोटा फोटो स्टुडिओ होता आणि वय तिशीला टेकलेलं. मुलीकडचे 'कळवतो' म्हणायचे आणि गप्प बसायचे. आई वैतागून म्हणाली, "शिरोळचं हे स्थळ गेलं, तर त्या कॅमेऱ्याशीच तुझं लगीन लावती बघ."

त्याच सुमाराला माझा मित्र रशीद, त्याच्या भावानं मस्कतहून माझ्यासाठी फास्ट लेन्स आणली. फास्ट म्हणजे काय? तर तोंड मोठं, कमी उजेडातही फोटो काढणारी. सगळी धातूची, वजनदार. हातातून सुटली असती, तर मी लेन्सची नाही, फरशीची काळजी केली असती. आणि फोकसची रिंग? सायीवरून बोट फिरावं तशी फिरायची. खोटं कशाला बोलू, झोपताना उशाशी घ्यायचो मी तिला.

खोड एकच. पूर्ण उघडली की बोटभर जागा तेवढी लख्ख, पुढचं-मागचं सगळं धुरकट. शहाणा माणूस तिचं तोंड जरा बारीक करतो. मी कशाला करतोय? एवढी भारी लेन्स काय तोंड मिटून ठेवायला घेतली होती?

मुलीकडच्यांनी फोटो मागितला. म्हटलं, आपला फोटो आपणच काढू. गच्चीवर खुर्ची मांडली, रशीदला बसवलं आणि त्याच्या डोळ्यांवर फोकस लावला. कॅमेऱ्याची आपोआप फोटो काढणारी कळ दाबून पळालो. बेत असा, की रशीदनं उठायचं आणि मी बसायचं. कळ कुरकुरत होती. रशीद उठायला लागला आणि धंद्याची सवय, माझ्या तोंडून गेलं, "हलू नका!"

बिचारा हलला नाही. मी त्याच्या पुढ्यात अर्धवट वाकलेला, तेवढ्यात खटका पडला.

फोटो धुऊन आला आणि मी खूश. रशीदच्या मिशीचा केस न् केस दिसत होता. पुढं मी धुरकट होतो, पण लेन्स किती गुणाची! नवरदेवाच्या नाही, लेन्सच्या मालकाच्या डोळ्यांनी मी तो फोटो बघितला आणि दिला पाठवून.

मग मी, मामा आणि रशीद शिरोळला गेलो. मामा बाहेर पाय धूत होते, तोवर मुलीच्या वडिलांनी रशीदचा हात धरला.

"पावणं, असं मधी बसा की."

मला दारापाशी बाक मिळाला. पोह्यांची पहिली बशीही रशीदलाच.

"फोटूत हाय तसंच हाय बघा पोरगं," ते आतल्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाले. "नाव काय म्हणायचं तुमचं?"

"रशीद."

वडील दचकून दाराकडं मामांना शोधायला लागले.

"मला दोन पोरं हायेत, काका," रशीद घाईघाईनं म्हणाला.

वडिलांनी खिशातला फोटो काढून उजेडात धरला. "मग ह्यो म्होरं धुरळा कसला उडालाय?"

मी बाकावरून हळूच हात वर केला. "तो मी."

आतून कुणीतरी फिसकन हसलं. हेही स्थळ गेलं असं मी धरूनच चाललो. आईला काय तोंड दाखवायचं ते सुचेना. वडील आत जाऊन मुलीला विचारून आले.

"पोरगी म्हणती, आजवरची समदी फोटूपरास उणी निघाली. ह्यो पयलाच फोटूपरास बरा हाय."

मी आनंदानं उभाच राहिलो.

"बसा, बसा. अट हाय तिची एक," ते म्हणाले. "लग्नातलं फोटू दुसऱ्या कुणीतरी काढायचं."