मूळ कागद सोबत जोडावा

ती घटना मला आजही सोडत नाही. खून, दरोडे, जमिनीच्या वादातल्या हाणामाऱ्या, पोलिसातल्या नोकरीत सगळं पाहून झालं होतं. आता आपल्याला कशाचा धक्का बसत नाही, अशी माझी घमेंड होती. ती उतरवली आयटी कंपन्यांजवळच्या नेरे गावातल्या एका सिमकार्डाच्या प्रकरणानं.

परराज्यातलं एक पोलीस पथक सकाळीच आमच्या पोलीस ठाण्यात आलं. स्टेशन डायरीला नोंद करून त्यांनी एका बाईचं नाव पुढे केलं. तिच्या नावावरच्या सिमवरून म्हाताऱ्या माणसांना फोन करून त्यांची बँकखाती साफ केली होती. पथकाला तिला चौकशीसाठी सोबत न्यायचं होतं. नाव वाचून मी चक्रावलोच. या मावशींना मी चांगला ओळखत होतो. साठीच्या, विधवा, शेताच्या कडेला खोल्या बांधून त्या आयटीतल्या मुलींना भाड्यानं देणाऱ्या. साधा बटणांचा फोनसुद्धा त्यांना धड लावता यायचा नाही.

पथकाला दुपारपर्यंत थांबवलं आणि महिला शिपाई पाठवून मावशींना बोलावलं. त्या कागदांची प्लास्टिकची पिशवी घेऊनच आल्या. आमच्या भागात पोलीस बोलावोत की तलाठी, माणूस ती पिशवी काखेत मारूनच निघतो. आधार कार्ड कुणाला दिलं होतं, असं विचारलं. कुणालाच नाही, म्हणाल्या. तोच प्रश्न मी फिरवून फिरवून विचारला, तेव्हा कुठे कळलं की भाडेकरू मुलीनं फोटो काढले होते.

"तिला दिलं मंजी काय दिलं व्हय, सायेब? आमचं समदं फारम तीच भरतीया."

तिलाही बोलावून घेतलं. मुलगी म्हणजे तिशीतली बाई, लातूरकडची. आयटीत टेस्टिंग करायची. कंपनीनं माणसं कमी केली, त्यात तिची नोकरी गेली. नवा कायदा आलाय, लोकांची खाजगी माहिती सांभाळणारी माणसं आता सगळ्या कंपन्यांना लागणार, असं ऐकून तिनं एका क्लासला नाव घातलं होतं. तिथे बँकेतले, शाळेतले, हॉटेलातले, लाइन बदलायला निघालेले पुष्कळ जण होते. शेवटची परीक्षा प्रात्यक्षिकाची होती. ओळखीच्या माणसांची खरी कागदपत्रं गोळा करायची, त्यांवरचा नंबर, पत्ता, जन्मतारीख काळ्या रंगानं झाकायची आणि पाठवायची. काय झाकलं, काय उघडं ठेवलं, याला मार्क. खाली सूचना होती, तपासणीसाठी मूळ कागदही सोबत जोडावा. रोज फॉर्म भरून देणाऱ्या मुलीची परीक्षा म्हटल्यावर गल्लीतल्या सगळ्या बायकांनी हौसेनं आपापल्या पिशव्या उघडल्या.

हे सांगता सांगताच ती थबकली.

"सर, झाकायचं ते सगळं मी नीट झाकलं होतं. आणि न झाकलेले कागद मीच पाठवले."

दुपारी पथकाला घेऊन आम्ही क्लासवर गेलो. शेजारच्या नांदे गावातल्या एका नव्या इमारतीत तो चालायचा. मास्तर शिकवत उभा होता. मागच्या फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'गरजेपेक्षा जास्त माहिती मागू नका.' मी ते वाचलं आणि क्षणभर कशासाठी आलोय तेच विसरलो. त्याच्या लॅपटॉपमध्ये एकेका बॅचचं वेगळं फोल्डर होतं आणि त्यात आसपासच्या गावांतली माणसं भरलेली होती. याच कागदांवर सिमकार्डं निघाली होती. तो मात्र गारच. आपण काही चोरलं नाही, विद्यार्थ्यांनीच आणून दिलं, असं त्याचं म्हणणं.

मावशींना न्यायचा प्रश्न मिटला. राहिला त्या मुलीचा जबाब. त्याशिवाय मास्तरवरचं प्रकरण उभं राहणार नव्हतं आणि तो दिला तर या क्षेत्रात तिला कुणी दारात उभं केलं नसतं. तरी तिनं दिला, रडत रडत, पण काही न लपवता. मावशी शेजारीच बसल्या होत्या. पोरीवर काही घालू नका, असं त्या मला सारखं विनवत होत्या.

जबाब संपत आला. तिनं पाठवलेले कागद पाहताना मी सहज म्हणालो, यात तुमचं स्वतःचं आधार कार्ड दिसत नाही. ते का नाही दिलं?



"भीती वाटली, सर. न जाणो, उद्या काही झालं तर."

जबाब लिहून घेणारा हवालदार थांबला. मावशी तिच्याकडे नुसत्या बघत राहिल्या.

"मंजी तुला ठावं व्हतं," एवढंच त्या म्हणाल्या, आणि उठून बाहेर गेल्या.

महिनाअखेरीस तिनं खोली सोडली. मधल्या काळात मी निवृत्त झालो. परवा तिचा फोन आला. त्याच क्षेत्रात नोकरी लागली होती. मुलाखतीत आपण होऊन सगळं सांगितलं, म्हणाली. या कामाला काय यावं लागतं, असं तिला विचारलं होतं. दुसऱ्याचा कागद हातात आला की स्वतःच्या कागदाइतकी भीती वाटली पाहिजे, असं तिनं उत्तर दिलं. मी मनापासून शाबासकी दिली. इतक्या वर्षांच्या तपासांतून मला जे नीट सांगता आलं नाही, ते तिनं सांगितलं होतं. धोका सगळ्यांना कळतो, पण आपल्यापुरताच कळतो.

फोन ठेवण्याआधी तिनं हळूच विचारलं, "मावशी कधी माझी आठवण काढतात का हो?"

मी नुकताच नेऱ्याला जाऊन आलो होतो. मावशींनी चहा पाजला, भातशेतीचं सांगितलं, गुडघ्यांचं सांगितलं. तिचं नाव काढलं नव्हतं. मी तिला खरं तेच सांगितलं.