आत्याच्या पोथीतला रांजण

ठाण्यापासून कल्याणपर्यंत माझ्याइतकी पुस्तकं वाचलेला माणूस नाही, असं मी कधीच म्हटलं नाही. लोक म्हणायचे. त्यांना तसं म्हणायला मीच शिकवलं होतं, ही गोष्ट वेगळी. मी राहायचो कल्याणात आणि नोकरीला होतो ठाण्याच्या कचेरीत, नकला करणारा कारकून. सकाळी आगगाडी, संध्याकाळी आगगाडी, आणि दोन्ही वेळा हातात पुस्तक. मुंब्र्याच्या बोगद्यात गाडी शिरली की डब्यात काळोख व्हायचा. बाकीचे लोक खोकायचे, देवाचं नाव घ्यायचे, पागोटी सांभाळायचे. मी वाचत राहायचो. पान दिसत नसलं म्हणून काय झालं? गोष्ट कुठं चाललीय ते मला ठाऊक असायचं. उजेडात आल्यावर ताडून पाहावं, तर एखाद्या शब्दाचा फरक. आणि तिथंही मला माझाच शब्द बरा वाटायचा.

आयुष्यातलं सगळ्यात आवडतं पुस्तक कोणतं, असं मला अजूनही कुणी विचारतं. मग मी आधी त्याला नीट बसवून घेतो, कारण उत्तर उभ्याउभ्या संपत नाही. एक होतं वाफेच्या यंत्राचं. ते वाचल्यापासून मी इंजिनवाल्याला फलाटावरून सूचना करू लागलो आणि गाडी वेळेवर येऊ लागली. इंजिनवाल्यानं कधी उपकार मानले नाहीत. एक होतं बर्फाच्या मुलखातल्या प्रवासाचं. ते मी ऐन वैशाखात घोंगडी पांघरून वाचलं, तरी शेवटच्या प्रकरणात दात वाजत होते. एक पाकशास्त्राचं होतं. ते एकादशीला वाचायला घेतलं, तर आत्या म्हणाली, "मिटव ते, उपास मोडतोय तुझा." पण ही सगळी पुस्तकं मी वाचली, म्हणजे कुणी दुसऱ्यानं केली आणि मी वाचली. पहिला मान ज्या पुस्तकाला देतो त्याची पृथ्वीवर एकच प्रत आहे, आणि त्यातलं अक्षर न् अक्षर माझ्या हातचं आहे.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. विधवा होऊन माहेरी आली, ती स्वयंपाकघरापासून ओटीपर्यंतचा कारभार हातात घेऊनच. छापायच्या शाईत चरबी असते असं तिनं कुठंसं ऐकलं होतं, आणि आत्यानं एकदा ऐकलेलं ब्रह्मदेवालाही खोडता येत नसे. त्यामुळे माझी सगळी छापील पुस्तकं ओटीवरच्या कोनाड्यात. माजघराचा उंबरठा त्यांना बंद. एकदा मी एक पुस्तक काखेत विसरून आत गेलो, तर तिनं मला विहिरीवर पाठवून आंघोळ करायला लावली. पुस्तकालाही लावणार होती.

त्या साली उन्हाळ्यात वडिलांना ताप भरला. वैद्यांनी मात्रा उगाळून उगाळून सहाण झिजवली आणि शेवटी हात टेकले. तेव्हा आत्यानं देवापुढे बसून नवस बोलला: भाऊ उठून बसला तर श्रावणात सबंध पोथी ऐकीन, पुरी होईपर्यंत एकवेळ जेवीन, आणि समाप्तीच्या दिवशी पोथी संपल्यावाचून तोंडात पाणी घालणार नाही. भाऊ उठून बसला. बसला तो आंबे मागूनच बसला. आता नवसात खोट राहिली तर गेलेला ताप परत येईल, याबद्दल आत्याच्या मनात तिळभर शंका नव्हती. वडील वरून हसत, पण आपल्या नाडीवर बोट ठेवून हसत.

श्रावण लागला. पुराणिकबुवा रोज दुपारी येऊन वाचू लागले. आळीतल्या बायका माजघरात बसायच्या. पोथी अर्ध्यावर आली असेल-नसेल, बुवा कुणा यजमानाकडे आंबिवलीला गेले आणि तिकडेच हिवतापानं आडवे झाले. पोथी त्यांच्याबरोबर. आमच्या घरची जुनी पोथी फळीवरून काढली, बासन सोडलं, तर आत वाळवी. पोथीचा आकार तेवढा वाळवीनं राखला होता.

आत्या मटकन खाली बसली. तिला तशी बसलेली मी पूर्वी पाहिली नव्हती. "आता रे कसं?" एवढंच म्हणाली.

"छापील प्रत आहे माझ्याकडे," मी म्हणालो. "ठाण्याहून आणलेली. म्हणतात, हिच्या शाईत चरबी नाही, तूप घालतात."

"तूप? शाईत? तेवढं तूप इकडे आणलं असतंस तर तुझ्या बापाच्या अंगावर मूठभर मांस चढलं असतं. छापील माझ्या पोथीच्या पाटावर नको."

"मग मी नकलून देतो. घरची शाई, बोरू, हातकागद. आंघोळ करून, धाबळी नेसून लिहितो. रोजचा अध्याय रोज."

"तुझी धाबळी सोवळी," ती म्हणाली, "पण पुस्तकाला बोट लावलंस की गेलं सोवळं. पान कशानं उलटशील?"

हा प्रश्न साऱ्या कचेरीला सुटला नसता. मी सोडवला. चुलीपुढचा लांब चिमटा घासूनपुसून घेतला. आत्याच्या आजारपणाचं कारण सांगून कचेरीतून रजा काढली. खोटं कुठं होतं? ती आजारी पडायचीच तेवढी बाकी होती.

मग रोज सकाळी ओटीवर माझी बैठक मांडलेली असायची. मी पाटावर, धाबळी नेसून. हातभर पलीकडे घडवंचीवर छापील पुस्तक. उजव्या हातात बोरू, डाव्या हातात चिमटा. मी ओवीमागून ओवी उतरवत जायचो आणि पान संपलं की चिमट्यानं हलकेच उलटायचो. रस्त्यानं जाणारे लोक थांबून बघायचे. आतून बायको दर थोड्या वेळानं म्हणायची, "आत्याबाई, यांना विचारा हो, चिमटा केव्हा मोकळा होणार? पोळ्या का बोटांनी भाजू?" माझा वेग असा की बोरूच्या टोकातून धूर निघायचा. मी तो शाईत बुडवला की चर्र आवाज यायचा. अक्षर मात्र मोत्याचं. ठाण्याचे साहेब माझ्या अक्षरावर डुलायचे, आणि त्यांना मराठी येत नव्हतं.

आता घडवंचीवर त्या पोथीखाली माझी आणखी एक वस्तू असायची, ती म्हणजे एक अद्भुत कादंबरी. दोन्ही पुस्तकांना ठाण्याच्या एकाच बांधणाऱ्यानं एकाच कापडाचे पुठ्ठे घातलेले. कादंबरीत एक राजकन्या होती. तिचा किल्ला शत्रूनं वेढलेला. ती दासीच्या मदतीनं धान्याच्या रांजणात बसते आणि रांजण दोरानं कड्यावरून खाली सोडतात. खाली नदीत मगरी. त्या दिवशी वाऱ्याचा एक झोत आला, वरचं पुस्तक घसरून आडवं झालं, खालच्याची पानं फडफडली. मी वर न बघता चिमटा मारला आणि पान दाबून धरलं. डोळे कादंबरीत गेले. हात मात्र ओवीच्या चालीत सवयीनं धावत होता. बैल जसे गाडीवान झोपला तरी घरच्या वाटेनं जातात तसा. त्या हातानं गद्य आत घेतलं आणि ओव्या बाहेर काढल्या, यमकासकट! पुष्कळ मोठे कवी जन्मभर कपाळ धरून बसतात, तेव्हा कुठं एक ओवी होते. मी एका सकाळी अर्धा अध्याय रचला आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

पत्ता लागला दुपारी. पुराणिक मीच. माजघर भरलेलं, आत्या खांबाला टेकून बसलेली, वडील बाजूला आडकित्ता घेऊन. मी खड्या आवाजात वाचत चाललो होतो: देव झाले, ऋषी झाले, आणि एकाएकी माझ्याच तोंडून राजकन्या रांजणात बसली.

पोथी तिथंच मिटावीशी वाटली. पण अध्याय अर्ध्यावर तोडला की नवस तुटला, आणि नवस तुटला की ताप. मी वाचत राहिलो. दोर कराकरा वाजला. रांजण कड्यावर आपटला. खाली मगरींनी जबडे उघडले. वडिलांच्या आडकित्त्यातली सुपारी तशीच राहिली. कोपरची एक आगरीण मीठ विकायला दारात आली होती. ती पाटी अंगणात टाकून ओटीच्या पायरीवर बसली आणि ओरडली, "आगो बाय, ती पोर परल ना गो!"

"गप गं!" सगळ्या बायका एकदम म्हणाल्या.

आणि नेमकं तिथं माझं पान संपलं होतं. सकाळी बहुधा तिथंच मी चिमटा दुसरीकडे मारला असणार. पुढच्या ओळीत पुन्हा ऋषी. मी आवाज जराही न हलवता ऋषींवर गेलो, अध्याय पुरा केला आणि पोथीला नमस्कार घातला. बायकांनी फुलं वाहिली. एवढी फुलं पुराणिकबुवांच्या साऱ्या श्रावणात पडली नव्हती.

"हा अध्याय बुवा दरवर्षी गाळतात वाटतं," एक शेजारीण म्हणाली. "लबाड मेले. दक्षिणा मात्र पुरी घेतात."

दुसऱ्या दिवसापासून माणसं मावेनात. लोक ओटीवर, अंगणात, आणि मी शपथेवर सांगतो, समोरच्या घराच्या कौलांवरसुद्धा बसले. पण पोथी आपल्या वाटेनं चालली होती आणि राजकन्या काही पुन्हा आली नाही. आत्या रोज विचारायची, "ती पोर उतरली का रे?" मी सांगायचो, "आत्या, पुराणात अशी माणसं येतात नि जातात." ती नुसतं "हं" म्हणायची. ते "हं" मला आवडत नव्हतं.

समाप्तीचा दिवस उजाडला. आत्या कडकडीत उपाशी. आत पुरणाचा घाट, अळूची भाजी, पानं मांडून तयार. मी शेवटचा अध्याय वाचला, फलश्रुती वाचली, पोथी मिटली. वडिलांनी आरतीचं ताट उचललं.

"ठेव खाली," आत्या म्हणाली.

"अक्का, का गं?"

"पोथी कुठं पुरी झाली?"

"झाली की! फलश्रुतीसुद्धा झाली."

"आणि ती रांजणातली? तिला तशीच लोंबकळत ठेवून मी पुरणपोळी खाऊ? सबंध ऐकीन म्हणून बोललेय मी देवाला. माझ्या कानावर आलं ते पोथीतलं. ते अर्धं राहिलं तर नवस अर्धा."

"अक्का, दुपार टळली. चक्कर येईल."

"येऊ दे. ताप तुला आलेला मला पाहवत नाही, चक्कर मला आली तर चालेल."

वडिलांनी ताट खाली ठेवलं. ते माझ्याकडे बघू लागले, आणि आळीतल्या साऱ्या बायकाही. आत्याचे ओठ सुकले होते. एरवी सबंध घर उचलून धरणारा तिचा आवाज त्या दिवशी खांबापासून माझ्यापर्यंत येताना दमत होता. मी म्हणालो, "आत्या, मी आत्ता बसतो. धाबळी नेसतो, पुढचं उतरून काढतो, दिवेलागणीपर्यंत..."

"दिवेलागणीपर्यंत मी उरत्येय का?" ती म्हणाली. "जा, ओटीवर जा. ते तुझं चरबीचं पुस्तक काढ."

मी हातातली पोथी पाटावर ठेवली.

"तुला ठाऊक होतं?"

"मेल्या, इतकी वर्षं ही पोथी ऐकतेय. देव गरुडावर बसतात, उंदरावर बसतात, रेड्यावर बसतात. रांजणात कुणी बसल्याचं ऐकलं नव्हतं. तुझ्या ओव्या मात्र बुवांच्यापेक्षा बऱ्या लागल्या कानाला."

माझ्या आयुष्यात मला पुष्कळांनी वाखाणलं, निम्म्यांना मी सांगून. हिला कुणी सांगितलं नव्हतं. माझी छाती अशी फुगली की धाबळीची गाठ सुटायला आली.

"पण आत्या, छापील..."

"तू उंबरठ्याच्या पलीकडे बस, मी अलीकडे बसते. पुस्तक तिकडे राहील. आवाजाला कसली चरबी? मात्र ओव्याच हव्यात हो. माझी पोथी ओवीत चाललीय, ती गद्यात संपायची नाही."

मी ओटीवर उंबरठ्याला लागून बसलो. आत्या आतून उंबरठ्याला लागून बसली. मध्ये एक लाकूड. मी छापील पान उघडलं आणि गद्य वाचत वाचत तोंडातल्या तोंडात ओव्या करून मोठ्यानं म्हणू लागलो. बोरू नाही, कागद नाही, खोडायची सोय नाही. समोर उपाशी आत्या, पाठीमागे आळी. वडिलांचा आडकित्ता पुन्हा थांबलेला. मी दोराला पीळ दिला, मगरीला शेपूट आपटायला लावली, दासीच्या तळव्यांना फोड आणले. आणि एका दमात रांजण नदीपलीकडच्या वाळूत उतरवला. कादंबरीवाल्यानं तिथं राजपुत्र उभा केला होता, त्याच्या हाताला धरून राजकन्या बाहेर येते म्हणे. मी मनात म्हटलं, राजपुत्राची इथं काय गरज? मी तिला आतून लाथ मारून रांजण फोडायला लावला आणि स्वतःच्या पायांनी बाहेर काढली.

आत्यानं हात जोडले. मग डोळे पुसले. "उतरली बाई एकदाची," म्हणाली. "भाऊ, आरती घे."

आरती झाली. आत्या पानावर बसली. पहिला घास घेतला, पाणी प्यायली आणि तिच्या तोंडावर रंग आला. वडील समोर बसून, भिंतीला टेकून, ती जेवतेय ते बघत होते. बायकोनं पुरणपोळीवर तूप सोडलं, तशी आत्या माझ्याकडे न बघता म्हणाली,

"पुढे किती पानं आहेत रे त्या पुस्तकाला?"

"पुष्कळ आहेत."

"मग उद्या जेवणं आटोपली की तिथंच बस. आणि सूनबाई, याला एक बसकर टाकून दे उंबरठ्यापाशी. पलीकडच्या बाजूला हो."