बिनपेचांचा कॉम्प्युटर

बाबांचा जुना डेस्कटॉप म्हणजे आमच्या जबलपूरच्या राइट टाउनमधल्या घरातला दुसरा म्हातारा. सुरू व्हायला चहा उकळेपर्यंतचा वेळ घ्यायचा, आणि सुरू झाला की पुढच्या खोलीत त्याच्या पंख्याची घरघर चालायची. आई गेल्यापासून मी पुण्याहून रोज संध्याकाळी बाबांना व्हिडिओ कॉल करते, तो याच डब्यावर. मोबाइलवर त्यांना माझा चेहरा नीट दिसत नाही.

बाबांनी आयुष्यभर कारखान्यात मशीन चालवलं. खंडेनवमीला मशीन उघडायचं, पुसायचं, तेलपाणी करायचं आणि मगच हळदकुंकू वाहायचं, हा त्यांचा नेम. निवृत्तीनंतर तो नेम कॉम्प्युटरवर आला. दरवर्षी कॅबिनेट उघडून धूळ काढायचे, प्रोसेसरवरचा पंखा सोडवायचे, वाळलेली पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी लावायचे. त्या पेस्टमुळे प्रोसेसर तापत नाही, हे त्यांनी इतक्यांदा ऐकवलंय की मी झोपेतही म्हणून दाखवेन.

यंदा मी नवरात्रात आले ती त्यांना न विचारता ऑल-इन-वन घेऊनच. नुसता पडदा, बाकी सगळं त्याच्याच पाठीत. दुसऱ्यांचं भलं करायची मला जरा जास्तच घाई असते. बाबांनी टेबलाभोवती दोन चकरा मारल्या.

"अच्छा. याचे पेच कुठं आहेत?"

"नाहीत. उघडायची गरजच नाही बाबा."

"मंग प्रोसेसर?"

"आहे आत. तुमच्या त्या खटाऱ्यापेक्षा कितीतरी वेगवान."

ते गप्प बसले. बाबा गप्प बसले की पटलं असं मी लहानपणापासून समजत आलेय, आणि प्रत्येक वेळी तोंडघशी पडलेय.

खंडेनवमीच्या सकाळी मी झेंडूची फुलं घेऊन परतले, तर नवा कॉम्प्युटर टेबलावर पालथा आणि बाबांच्या हातात डोसे काढायचं पातळ उलथनं. ते कडेच्या फटीत घालून त्यांनी पाठ उघडायला पाहिलं होतं. मी कॉम्प्युटर सुलटा केला. पडद्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा गेला होता.

"काहून केलं हे?" मी कडाडले. रागावले की मी पार जबलपूरची होते. "बंद पडला असता तर दुकानातले भैया आले असते ना!"

बाबांनी उलथनं खाली ठेवलं. चोरी पकडलेल्या पोरासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"बंद पडल्यावर उघडून काय फायदा बेटा? आधीच पाहून ठेवून राहिलो होतो. भैया चार दिवस येत नाहीत. तेवढे दिवस तू मले दिसणार कशी?"

मला लाज वाटली. रडूही आलं, ते मी फुलं निवडायच्या निमित्ताने लपवलं. मी त्यांना वेग आणून दिला होता. त्यांना हवी होती खात्री, आणि ती त्यांच्या स्वतःच्या हातात असायला हवी होती.

दुपारी पलंगाखालून जुना डेस्कटॉप बाहेर निघाला. बाबांनी पेचकस फिरवला, मी टॉर्च धरला. पेस्टची ट्यूब त्यांनी माझ्या हातात दिली. "लाव. जास्त नको." मी लावली. त्यांनी वाकून पाहिलं आणि बोटाने कडेचं जास्तीचं पुसून टाकलं. कॅबिनेट बंद झालं, पूजा झाली.

"चलो, आता स्वयंपाकघरात जा आणि तिथून कॉल कर," ते म्हणाले. "तू पुण्याला गेल्यावर अडचण नको."

मी ओट्याशी उभी राहून फोन लावला. पडद्यावर आधी नुसतं कपाळ आलं, मग चष्मा, मग सगळे बाबा.

"दिसून राहिली काय मी?" मी विचारलं.

"दिसून राहिली."

"आवाज?"

"येऊन राहिला."

आमच्यामध्ये एक भिंत होती, तिच्यातलं दार उघडं होतं. तपासणी झाली होती. तरी बाबा पडद्याकडे बघत बसून राहिले, आणि मलाही फोन ठेववेना.