दोर न लावलेली विहीर

पहाटे भोर मागे टाकलं तेव्हा गाडीत आम्ही तिघंही अर्धवट झोपेत होतो. त्यातला एक गाडी चालवत होता, एवढीच काय ती काळजी. चालवणारा माझा नवरा मनोहर, भूजलशास्त्रज्ञ. मागच्या सीटवर त्याची धाकटी बहीण नयना. एकच प्रश्न निरनिराळ्या मुलखांतल्या माणसांना विचारला की उत्तरं निराळी का येतात, हा तिचा समाजमानसशास्त्रातला विषय. आणि मी पुण्यात ख्रिस्ती धर्मशास्त्र शिकवते. नगरच्या आमच्या सासूबाई म्हणायच्या, "एक जमिनीखाली बघतो, एक लोकांच्या तोंडाकडे बघते, एक आभाळाकडे. तव्यावरच्या भाकरीकडे कोण बघणार?"

निघालो होतो पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीवर. त्या भागातल्या काही वाड्यांमध्ये एक संस्था डोंगरउतारावर चर खणून पावसाचं पाणी जिरवणार होती, म्हणजे खालच्या विहिरी उन्हाळ्यातही टिकल्या असत्या. कुठली वाडी घ्यायची आणि कुठली वगळायची हे मनोहरच्या मोजमापावर ठरणार होतं. या वाडीच्या विहिरीत गेल्या दोन्ही मे महिन्यांत त्याला चांगलं पाणी मिळालं होतं. "शेवटचं एकदा मोजतो आणि यादीतून नाव काढतो," तो म्हणाला. नयनाला तिथेच तिची प्रश्नावली भरून घ्यायची होती. मला तसं काही काम नव्हतं. मी एका लेखात अडकले होते आणि घरी बसून तो सुटत नव्हता.

लेख एका विहिरीवरचाच होता. शुभवर्तमानात एक परकी बाई भर दुपारी एकटीच पाणी भरायला येते आणि येशू तिच्याकडे पाणी मागतो. बाया पाण्याला जातात सकाळ-संध्याकाळ. मग ही दुपारी का आली? बहुतेक विद्वानांचं म्हणणं असं, की तिचं नाव खराब होतं, ती इतर बायांची नजर चुकवत होती. मीही तेच लिहिलं होतं. लिहिल्यापासून मला ती बाई सारखी आठवायची आणि माझ्यावर रागावल्यासारखी वाटायची.

वरंध घाटात धुकं नव्हतं, उन्हाळी धुरकटपणा होता. समोरचे डोंगर दिसत आणि नाहीसे होत. खाली उतरल्यावर हवा एकदम ओली, जड झाली आणि माझे डोळे पुन्हा मिटू लागले. जागी झाले तेव्हा आम्ही महाडच्या बाजूला, सव गावात पोचलो होतो. सावित्रीच्या काठाला गरम पाण्याची कुंडं आहेत. कुंडातून वाफ येत होती, गंधकाचा वास होता, आणि एक म्हातारे गृहस्थ गुडघ्यापर्यंत पाय सोडून डोळे मिटून बसले होते.

"हे पाणी कधीचं पावसाचं असेल कुणास ठाऊक," मनोहर म्हणाला. "खोल जातं, तापतं, भेगेतून वर येतं."

"कधीचं बी असू दे," म्हातारे डोळे न उघडता म्हणाले, "गुडघं मोकलं होतात."

मीही पाय सोडले. कुठल्या तरी जुन्या पावसात पाय बुडवून बसलो आहोत, या विचाराने मला फार बरं वाटलं. तेवढ्यात नयनाच्या हातून प्रश्नावलीची फाइल कुंडात पडली. कागद गाडीच्या बॉनेटवर वाळत घालावे लागले आणि पुढे दोन दिवस तिच्या शास्त्राला गंधकाचा वास येत होता.

महाडला बाजारपेठेजवळ जेवलो, पोलादपूरला चहा घेतला, आणि हायवे सोडून चढणीला लागलो. वाडीवर पोचायला चार वाजले. पंधरावीस घरं, तरण्यांपैकी निम्मे मुंबईला. सखारामदादा गावकीचे (वाडीचा कारभार पाहणाऱ्या मंडळींचे) म्होरके. त्यांच्या ओटीवर आम्हाला बसवलं. त्यांची थोरली भावजय पार्वतीकाकी पाण्याचा तांब्या घेऊन आली. सत्तरीच्या, काटक, कपाळावर गोंदण. पाणी गार आणि निवळशंख होतं.

विहीर वाडीच्या खालच्या अंगाला, जांभळाच्या सावलीत होती. मनोहरने टेप सोडला.

"सकाळी भरून झालं ना सगळ्यांचं?"

"झाला ना," सखारामदादा म्हणाले. "रोजच्यासारका."

तरीही पाणी पुरुषभर होतं. मनोहरने वहीत आकडा लिहिला. मी आत डोकावले. पाणी अगदी स्थिर होतं, त्यात जांभळाची फांदी आणि माझं डोकं. त्या शांतपणाने मला गुंगीच आली. विहिरीच्या काठावरचा दगड कोरडा ठक्क होता, हे मी पाहिलं, पण माझ्या डोक्यात शिरलं नाही.

ओटीवर नयनाची प्रश्नावली चालू होती. पाण्याची अडचण किती, एक ते पाच. एकेकाला वेगळं विचारायचं असतं, पण इथे एकाला विचारलं की सगळी ओटी उत्तर देई. "कसली अडचन? काय नाय." सगळ्यांचा एक. कोणी दोनसुद्धा म्हणेना.

"वहिनी, काही ठिकाणी माणसं प्रश्नाला उत्तर देतात," नयना मला हळूच म्हणाली, "आणि काही ठिकाणी विचारणाऱ्याला. हे मला उत्तर देतायत."

दिवस कलला तशी मी हात धुवायला मागच्या पडवीत गेले. तहान लागली होती. कोपऱ्यातल्या हंड्यात पेला बुडवला आणि घोट घेतला. दाताखाली वाळू कचकचली. पेल्यातलं पाणी मातकट होतं.

"त्यातला नको, म्याडम!" पार्वतीकाकी धावत आल्या. "त्यो आमचा हाय."

"विहीर भरलेली असताना तुम्ही हे पिता?"

त्यांनी पेला माझ्या हातातून काढून घेतला. मग खाली बसल्या. मीही बसले.

"डवऱ्याचं हाय," त्या म्हणाल्या. डवरा म्हणजे ओढ्याच्या कोरड्या पात्रात हाताने उकरलेला खड्डा. "सोयरीक बघायला पाहुने येनार असले, की चार दिस आदीपासनं कोन हिरीला दोर लावत नाय. पाहुन्यांपुरतं आदी भरून ठेवायचं, बाकी समदी डवऱ्यावर जातात. बिनपान्याच्या वाडीत पोरगी कोन देतो? तुमी येनार म्हनून कळवलंत. पाहुनं ते पाहुनं."

"दर वर्षी?"

"दर वर्षी." मग त्या जराशा हसल्या. "माझा बापूस आला तवा हीर काठोकाठ व्हती. हरखून गेला. लगीन झालं, दुसऱ्या दिशी पाटं सासूनं हंडा दिला. खाली बघते तर खडक."

मला एकदम रडूच आलं. ही माणसं पाहुण्याची तहान भागवावी म्हणून स्वतः वाळू चावत होती, आणि त्या पाहुणचाराच्या आकड्यावरून माझा नवरा त्यांचं पाणी तोडणार होता. मी काकींना यादीची सगळी गोष्ट सांगितली. हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. शहरातून येतात, हीर बघतात, जातात, एवढंच वाडीला माहीत.

"काकी," मी म्हटलं, "मला उद्या पहाटे हंडा द्या."

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "का गो? तुझाबी बापूस फसला काय?"

पहिल्यांदाच त्यांनी मला 'गो' म्हटलं.

पण मला हंडा देणं, म्हणजे पाहुण्यांसमोर विहीर उपसणं, एकट्या काकींच्या हातात नव्हतं. अंगणात बाया-पुरुष जमले. सखारामदादांचा चेहरा उतरला होता. लबाडी पकडली गेल्याचा राग त्यात नव्हता, पाहुण्यांसमोर उघडं पडल्याची लाज होती, आणि ती बघवत नव्हती.

"सायेब, पुढल्या महिन्यात माज्या नातवाला बघायला येनार हायत," ते मनोहरला म्हणाले. "पानी नाय असं कागदावर आलं, की ते माघारी फिरतील. आमचं नाव काढा यादीतनं. चर नकोत आमाला."

मनोहरने टेप पिशवीत टाकला. त्याच्याजवळ या प्रश्नाचा टेप नव्हता. नयनानेही वही मिटली.

"भावजी," पार्वतीकाकी उभ्या राहिल्या. दिरासमोर त्या इतकं मोठ्याने बोलत नसाव्यात, कारण सगळे वळून बघू लागले. "मी आले ती फसून आले. माझ्या दोनी सुना फसून आल्या. अजून किती पोरी फसवायच्या? नातसुनेला तरी खरं पानी दाखवा. नायतर खरं पानी करा."

सखारामदादांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "पाटं बोलवा त्यांना," एवढंच म्हणाले आणि आत गेले.

उजाडायच्या आधी काकींनी माझ्या हातात पितळी हंडा दिला. विहिरीवर वाडीतल्या सगळ्या बाया होत्या. बोलणं फार नव्हतं. दोरांचा आवाज, बांगड्यांचा आवाज, कोणाचं तरी जांभई देणं. त्या करड्या उजेडात सगळं पाण्याखाली चाललं आहे असं वाटत होतं. माझ्या हाताला दोर कापला आणि अर्धी कळशी काठावर सांडली, तशी एक तरुण सून म्हणाली, "वहिनी, सांडलेलं परत खाली नाय जात," आणि सगळ्या हसल्या. सूर्य डोंगरावर यायच्या आत विहिरीचा तळ उघडा पडला. कळशी खडकावर वाजली. मनोहरने टेप सोडला आणि बराच वेळ तो वर ओढलाच नाही.

"आता पाणी परत किती वेगाने भरतं ते बघायचं," तो म्हणाला. म्हणून आम्ही जांभळाखाली बसून राहिलो. खडकाच्या एका भेगेतून पाणी पाझरत होतं, डोळ्याला दिसेल न दिसेल असं. ऊन चढलं. मला डुलकी लागली. जागी झाले तेव्हा सावल्या पायाशी आल्या होत्या आणि पायवाटेवरून कोणीतरी एकटीच, डोक्यावर हंडा घेऊन, उन्हातून येत होती. क्षणभर मला ती कोण हे कळलं आणि कळलं नाही.

पार्वतीकाकी होत्या. पहाटे मला वाटलं होतं त्यांनी भरून घेतलं.

"तुम्ही आत्ता?"

"पोराबाळांच्या आया आदी भरतात. माझं काय, म्हातारीचं. दुपारपत्तुर येतंय थोडं साठून." त्यांनी दोर सोडला. "एकटीला बरं वाटतं हितं."

मी इतकी वर्षं त्या बाईवर वाचते आहे. परभाषेतली टिपणं, टिपणांवरची टिपणं. ती सकाळचं पाणी दुसऱ्यांना सोडून आली असेल, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

निघताना तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी पानांत बांधून मिळाली. काल आल्या आल्या काकींनी आमच्या गाडीतल्या साऱ्या बाटल्या काठोकाठ भरून ठेवल्या होत्या. आज त्यांनी एकच बाटली आणून माझ्या हातात दिली. ती अर्धी होती.

"अर्दीच भरलीय," त्या म्हणाल्या. "पाहुनी असतीस तर भरून दिली असती."

सखारामदादा गाडीपर्यंत आले. मनोहरचा हात धरून म्हणाले, "लिवा, काय दिसलं ते."

आंबेनळी घाटात एका वळणावर थांबलो. खाली सगळा मुलूख धुरकट होता; त्यात वाडी कुठे, ते सापडेना. तिघांनी त्या बाटलीतून एकेक घोट घेतला. आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाचा प्याला असाच एका हातातून दुसऱ्या हातात जातो. मी तसं बोलले नाही, पण मनोहरने तोंड पुसून बाटली दोन्ही हातांनी माझ्याकडे दिली.

घरी आल्यावर मनोहरने पहाटेचा आकडा लिहिला. नाव यादीत राहिलं. नयनाने गंधकाच्या वासाचे कागद बांधून माळ्यावर टाकले आणि नवी प्रश्नावली करायला घेतली. मी माझ्या लेखातलं पान फाडलं आणि त्या दुपारच्या बाईची मनातल्या मनात माफी मागितली.

परवा नयना आली तेव्हा मी तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. तिने पेल्यात पाहिलं आणि हसली. मी तो अर्धाच भरला होता.