जिजींनी निवडलेला कुकर

भांडं डाव्या हाताच्या बोटावर टांगायचं, उजव्या हाताच्या वाकवलेल्या बोटाने त्यावर एकदाच ठोकायचं, आणि मग मान तिरकी करून, डोळे मिटून, आवाज पुरता विरेपर्यंत थांबायचं. जिजी अशा थांबल्या की दुकानदारही बोलायचा थांबे. "दुकानदारनं नको आयकू, भांडानं आयक," असं त्या सोबतच्या बायकांना सांगत, आणि तेही दुकानदाराच्या तोंडावर.

लोणखेड्याला त्या आमच्या घरासमोर राहत. नाव होतं, पण गल्लीने ते कधी वापरलं नाही. लहानथोर सगळे जिजीच म्हणत. तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल, ज्याला विचारल्याशिवाय कोणाची खरेदी पुरी होत नाही.

शहाद्याचा भांडीवाला त्यांना येताना पाहिलं की पोचे आलेली भांडी मागच्या खोलीत नेऊन ठेवी. जिजी त्याच्याकडे बघून हसत आणि सरळ मागच्या खोलीत शिरत. एकदा तो कंटाळून म्हणाला, जिजी, तुम्हीच बसा गल्ल्यावर. त्या म्हणाल्या, बसेन, पण मग तुझं दुकान रिकामं राहील, मी कोणाला काही विकूच देणार नाही.

त्या फार लवकर विधवा झाल्या होत्या. हळदीला त्यांना कोणी हाक मारत नसे, नवरीची ओटी भरायला तर नाहीच. मांडवात त्या मागे भिंतीला टेकून बसत आणि वरात निघायच्या आत उठून घरी जात. पण भांडी घ्यायला निघायचं असलं की जिजी हव्याच. त्या दिवशी त्या घडीचं लुगडं नेसत आणि गाडीत सगळ्यांच्या पुढे बसत. लग्नातला तेवढा एक भाग त्यांचा होता. हे मला तेव्हा दिसत नव्हतं असं मी म्हणणार नाही. दिसत होतं.

आमच्याकडचं रोजचं जेवण भाकरीचं. भात व्हायचा तो सणाला नाहीतर पाहुण्यांसाठी, आणि रोजचा हात नसला की तो हटकून फसायचा. त्यामुळे नवरीच्या भांड्यांत भाताचं पातेलं निवडताना जिजी सर्वांत जास्त वेळ घेत. बूड जाड हवं, तोंड निमुळतं हवं, कल्हई कोपऱ्यापर्यंत पोचलेली हवी. "भाकर करपनी ते घरले कळस, भात करपना ते गावले कळस," त्या म्हणत.

धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा मी शहाद्याच्या हायस्कुलात नुकताच लागलो होतो. गल्लीतला पहिला बी. ए., बी. टी. घरातसुद्धा पुस्तकी मराठी बोलायचो आणि आईला ते समजलं नाही की मला बरं वाटायचं. एका सहकाऱ्याकडे मी प्रेशर कुकर पाहिला होता. बहिणीला पातेलं नाही, कुकर द्यायचा, असं मी जाहीर केलं. आई म्हणाली, काय द्यायचं ते दे, पण जिजींना घेऊन जा.

शहाद्यात तेव्हा कुकर मिळत नसे, म्हणून आम्ही एस्टीने नंदुरबारला गेलो. दुकानात जिजींनी कुकर बोटाने ठोकला. तो बद्द वाजला. त्यांनी खाली ठेवला. मी जरा गुर्मीतच सांगितलं, जिजी, हे ठोकून कळायचं भांडं नाही, हे वाफेचं शास्त्र आहे. त्या म्हणाल्या, मग वाफ दाखव.

त्यांनी पदराची गाठ सोडली. त्यात घरून आणलेले तांदूळ होते. दुकानदाराला स्टोव्ह पेटवायला लावला. तो आधी हसला, मग चिडला, आणि शेवटी स्वतःच उकिडवा बसून बघू लागला. पहिल्या कुकरची वाफ झाकणाखालून निसटली. जिजींनी तो परत केला. दुसऱ्याच्या काठावरून त्यांनी डोळे मिटून बोट फिरवलं आणि मग तो चढवायला सांगितलं. शिट्टी झाली तेव्हा त्या दचकून मागे सरल्या आणि लहान मुलीसारख्या हसल्या. भाताचं शीत दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "हाई भांडं बोलत नही. हाई दम धरस." मग माझ्याकडे वळून, "येना जीव काठमा शे, भाऊ. काठले धक्का लागू देऊ नको."

त्या एस्टीत जागा धरायला पुढे गेल्या. मी पैसे द्यायला मागे थांबलो.

दुकानाच्या पायरीवर नावं घालणारा बसला होता. भांड्यावर नाव घालायचं ही आपली रीत. नावाशिवाय दिलेलं भांडं दिल्यासारखं वाटत नाही. त्याने विचारलं, बुडाला घालू का? मी म्हणालो, बुडाला कोण वाचणार, वर काठाला घाल. व्याह्यांना दिसलं पाहिजे. त्याने छिन्नी लावली आणि माझं पूर्ण नाव, पुढे बी. ए., बी. टी., असं ठोकून दिलं. अक्षरं सुरेख आली. मी कुकर गवतात गुंडाळून खोक्यात ठेवला. जिजींनी तो पुन्हा पाहिला नाही.

पहिल्याच सणाला बहिणीच्या सासरी पंगत बसली आणि कुकर चढला. शिट्टी झालीच नाही. वाफ काठाखालून भसाभस निघत राहिली, खालचा भात करपला, वरचा कच्चा राहिला. पाहुण्यांना भाकरी वाढली. तिच्या सासूने आमच्या आईला निरोप धाडला, "मास्तरना कुकर मास्तरनागतच शे. नुसता फुसफुस करस, शिजत काही नही."

मी बहिणीकडे जाऊन काठ पाहिला. प्रत्येक अक्षरापाशी तो आत दबला होता. वाफ माझ्याच नावातून निघत होती. घरी आलो तर आईभोवती गल्लीतल्या बायका बसलेल्या. आईने विचारलं, कोणी निवडला तो कुकर? मी म्हणालो, "जिजींनी."

ते खोटं नव्हतं. म्हणूनच त्याच्या आड मला इतकी वर्षं राहता आलं. बायकांतली एक हळूच म्हणाली की शुभकार्यात तसला हात लावायलाच नको होता. मी चपला काढण्याच्या निमित्ताने खाली वाकलो आणि वाकलेलाच राहिलो.

बोलणं जिजींपर्यंत पोचायला गल्ली ओलांडण्याएवढाही वेळ लागला नसेल. त्या भांडल्या नाहीत. मी शाळेतून येताना मला ओट्याशी थांबवून त्यांनी विचारलं, "भाऊ, मी काठवर बोट फिरावं व्हतं ना रे?"

मी म्हणालो, "फिरवलं होतं. पण होते नजरचूक."

हा शब्द मी मुलांच्या वह्यांवर लाल शाईने लिहीत असे. जिजींनी स्वतःच्या बोटाकडे पाहिलं आणि मान डोलावली.

काही महिन्यांनी बहीण माहेरी आली. तिच्या नवऱ्याने तांबटाकडून काठ ठोकून सरळ करून घेतला होता. ती हसत म्हणाली, "तुन्हं बी. टी. पुसायी गयं, पन कुकर चांगला शे, दादा. शिट्टीवर शिट्टी देस. जिजीले सांगजो." मी म्हणालो, सांगतो. जिजींचं दार समोर होतं आणि उघडं होतं.

पुढे भाच्याने त्यांना म्हसावदला नेलं. त्या तिथेच वारल्या. त्यांना ओळखणारे आता फारसे उरले नाहीत, तरी लिहून ठेवतो: कुकर चांगला होता, निवड अचूक होती, बिघडवला मी. एवढं लिहून हलकं वाटेल असा माझा अंदाज होता. वाटत नाही, कारण त्यांनी गाव सोडण्याआधीची एक सकाळ मागे राहते.

शेजारच्या काकूंच्या मुलीचं लग्न होतं. भांडी घ्यायला शहाद्याला जायचं म्हणून बैलगाडी जुंपली होती, आणि मलाही सोबत घेतलं होतं. काकूंनी कोणाचं बोलणं मनावर घेतलं नव्हतं. त्या जिजींच्या ओट्यापाशी गेल्या आणि चला म्हणाल्या. जिजींनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

"नही माय, माले नको लई जा. पोरना संसार शे. मन्हा बोटवर आते मन्हाच भरोसा नही."

काकू मागे वळल्या. "भाऊ, तू तरी सांग ना त्यासले."

सगळ्या बायका माझ्याकडे बघू लागल्या. जिजीही बघत होत्या, आणि त्यांच्या बघण्यात थोडी आशा होती. मला फक्त बहिणीचा निरोप द्यायचा होता.

"उशीर होतोय, काकू," मी म्हणालो. "चला."

काकू गाडीत चढल्या. जिजी ओट्यावरून खाली उतरल्या. नव्या भांड्यांसाठी गाडीत पसरलेलं गवत एका बाजूने खाली सांडत होतं. ते त्यांनी दोन्ही हातांनी उचलून आत सारलं, नीट दाबलं, आणि बैलांना वाट द्यायला बाजूला उभ्या राहिल्या.